लेक ग्रामपंचायतीला अर्ज लिहिते, मग अभ्यासाचं काय?

प्रश्न : माझी मुलगी माण तालुक्यातल्या एका कॉलेजात अकरावी सायन्सला आहे. दहावीला चांगले गुण होते. हिवाळ्यात ती एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिराला गेली. तिथे मुलांनी घरोघरी फिरून पाण्याची माहिती गोळा केली. तिथून आल्यापासून तिचं अभ्यासात मन नाही. आमच्या वस्तीकडे येणाऱ्या रस्त्यावर दिवा नाही म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला बसली आहे. माझे चुलत दीरच तिथे सदस्य आहेत, उगाच भावकीत वाईटपणा येणार. हे म्हणतात, ‘ही पुढारीपणाची हौस बंद कर.’ आता तिला सायन्स सोडून आर्ट्‌सला जायचं आहे, ‘समाजासाठी काहीतरी’ करायचं आहे. पुण्यात सुट्टीत एक निवासी संस्कार आणि व्यक्तिमत्त्व विकास शिबिर असतं. फी बरीच आहे. तिथे घातलं तर ताळ्यावर येईल का? आणि या एनएसएसचा पुढे काही उपयोग असतो का?
– एक आई, जि. सातारा

उत्तर :

ताई, आधी पुण्याच्या शिबिराचे पैसे वाचवा. अशी शिबिरं सगळी वाईट असतात असं नाही, पण बहुतेकांचा साचा ठरलेला. पहाटे सूर्यनमस्कार, दुपारी आत्मविश्वासावर व्याख्यान, शेवटच्या दिवशी आईवडिलांना बोलावून पाद्यपूजन आणि सामुदायिक रडारड, मग प्रमाणपत्र. आठवड्याभरात मुलगी पुन्हा मोबाइल घेऊन बसलेली दिसते. तुमची लेक याच्या कितीतरी पुढे गेली आहे. रस्त्यावर अंधार आहे हे तिला दिसलं, तो दूर करणं कुणाचं काम आहे याचा तिने शोध घेतला आणि स्वतःच्या नावाने कागदावर लिहायला बसली. माझ्याकडे पदवी घेतलेली मुलं येतात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढं लिहून त्यांचं पेन थांबतं, कारण नेमकं काय मागायचं हेच ठरलेलं नसतं.

तेव्हा अर्ज थांबवू नका. मात्र तो नीट लिहून घ्या. एका अर्जात एकच विषय. आता दिवा लिहिलाच आहे तर गटार, रस्ता आणि शाळेचं छप्परही घालू, असं करायला गेलं की चारही कामं राहतात. कोणता खांब, तो कुणाच्या घरासमोर किंवा कोणत्या वळणावर, खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तो, दिवा कधीपासून बंद आहे की मुळातच नाही, आणि त्या रस्त्याने संध्याकाळच्या एसटीने उतरून किती मुली चालत येतात, एवढं लिहिलं की अर्धं पान भरतं. गावाकडे साधारणपणे खांब आणि तारा महावितरणच्या, दिवा मात्र ग्रामपंचायतीचा. हे माहीत नसेल तर माणूस महिनाभर चुकीच्या दारात उभा राहतो. खांबच नसेल तर मागणी वेगळी, खर्च वेगळा, वाटही लांबची. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेऊन ती घरी फाइलला लावायची. पोच मागताना सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज थोडा कापतो. समोरचा म्हणतो, ‘राहू दे गं, होईल काम.’ तरीही हसतमुखाने ‘शिक्का द्या ना काका’ म्हणून तिथेच थांबायचं. हे ज्या मुलीला जमलं, तिला मुलाखतीच्या खोलीत फारशी भीती वाटत नाही.

आता भावकी. तुमची अडचण खरी आहे, तिला हसण्यावारी नेणार नाही. अर्ज जाण्याआधी तुम्ही दोघी भाऊजींच्या घरी जाऊन या. ‘पोरीने असा अर्ज लिहिलाय, तुम्ही बघून घ्या, काही राहिलं असेल तर सांगा,’ एवढं म्हणा. अर्ज एखाद्या माणसाविरुद्ध नाही, खांबाबद्दल आहे, हे त्यांना तोंडाने सांगितलेलं असलं की निम्मा वाईटपणा टळतो. उद्या दिवा लागला तर श्रेय त्यांना घेऊ द्या, घेऊ दे की! लेकीला मात्र एक बजावून ठेवा. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंधाराचा फोटो टाकून खाली ‘झोपलेली ग्रामपंचायत’ वगैरे लिहायचं नाही. तिथे टाळ्या मिळतात, दिवा मिळत नाही, आणि भाऊजींना चारचौघांत खाली बघायला लागलं तर ते पुढची पाच वर्षं विसरत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच आली नाही. ग्रामसभेची सभासद तुमची मुलगी नाही, तुम्ही आहात. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सभासद असते, आणि आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, कारण बायका जात नाहीत, आणि बायका जात नाहीत कारण ती कधी असते हे कुणी सांगत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास कार्यालयाच्या फलकावरची नोटीस वाचायचं काम लेकीला द्या. महिला सभेत तुम्ही उठून दिव्याचा विषय मांडा आणि तो इतिवृत्तात लिहिलाय का हे बघूनच घरी या. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी असेल तो आकडा. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. गावाचे मोठे निर्णय वीस-पंचवीस माणसांत कसे होतात, ते यातून कळेल. लेकीने ग्रामसभेबद्दल खालच्या वर्गात नागरिकशास्त्रात वाचलं असणार. दहावीला तर इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर, त्यातही राज्यशास्त्राचा वाटा थोडा, म्हणून शिक्षकही ते शेवटच्या आठवड्यात उरकतात. तिला आत्ता खरा धडा मिळतोय तो मिळू द्या.

तिच्या डोक्यात पाण्याचा विषयही घोळत असेल, कारण शिबिरातली माहिती पाण्याची होती. तिला मोबाइलवर ई-ग्रामस्वराज हे सरकारी पोर्टल उघडून आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा बघायला सांगा. पंधराव्या वित्त आयोगाच्या ज्या निधीतून गेली काही वर्षं गावात कामं झाली, त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तो कोणत्या वस्तीवर खर्च झाला आणि कोणत्या वस्तीचं नाव आराखड्यात कधी आलंच नाही, हे तिने एका वहीत उतरवावं. कागद मिळत नसतील तर तुमच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. १० रुपये शुल्क, आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. पण हे हत्यार पहिल्याच दिवशी काढू नका. आधी तोंडी मागा. पुष्कळदा तेवढ्यानेच मिळतं.

संस्कारांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून तुमच्याच तालुक्यातली गोष्ट सांगते. म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली सुरू झाली. चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन ती उभी केली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांमधल्या अनेकजणी अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या बायकांनी लिहायला-वाचायला शिकून पुन्हा अर्ज केला, आणि रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर घ्यावा, असं अधिकाऱ्यांना सुनावलं. ‘सरकार काही करत नाही’ म्हणत त्या घरी बसल्या नाहीत, आणि कुणाच्या पायाही पडल्या नाहीत. नाकारलेल्या अर्जातलं कारण वाचलं, ते दूर केलं, परत गेल्या. तुमच्या घरापासून म्हसवड एसटीने फार लांब नसेल. सुट्टीत लेकीला घेऊन जा, शाखेत शांत बसून काय चालतं ते बघू द्या. शिबिराच्या फीपेक्षा तिकीट स्वस्त पडेल.

गावाची ओळख हाही शिक्षणाचाच भाग आहे, आणि सायन्सच्या क्लासमध्ये तो गळून पडतो. तुमच्या भागातल्या मुलीला शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून कावडी चढतात हे माहीत असतं. त्या दिवशी यात्रेकरूंना एवढं पाणी लागतं ते कुठून येतं, यात्रेनंतरचा कचरा कोण उचलतं, हे तिला विचारून बघा. मेंढरं घेऊन धनगर कुटुंबं कुठल्या महिन्यात बाहेर पडतात आणि तेव्हा त्यांच्या मुलांच्या शाळेचं काय होतं, हेही विचारा. ती गप्प बसली तर चांगलंच आहे, चौकशी करायला बाहेर पडेल. उद्या ती डॉक्टर होवो की तहसीलदार, तिच्यासमोर येणारी माणसं हीच असणार.

आता करिअरचं बोलू, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. अकरावी सायन्स आत्ता सोडायचं नाही. एका शिबिराने पेटलेल्या मनाने शाखा बदलू नये. बारावी सायन्सनंतर बीएला, पाच वर्षांच्या एलएलबीला, समाजकार्याच्या पदवीला, कुठेही जाता येतं. आर्ट्‌समधून उलट यायचं म्हटलं तर इंजिनीअरिंग, मेडिकल, बीएस्सी नर्सिंगची दारं बंद होतात. आणि समाजासाठी काही करायला आर्ट्‌सच लागतं, हे तिला कुणी सांगितलं? माणसारख्या तालुक्यात पाण्याचं गणित समजणारी कृषी पदवीधर किंवा जलसंधारणातली सिव्हिल इंजिनीअर मिळाली तर गाव तिला डोक्यावर घेईल. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर करता येतं. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही जुनी नावं. ‘टाटा’चा एक परिसर तुळजापूरला आहे, ग्रामीण कामाची ओढ असेल तर तो मुंबईपेक्षा बरा. पण तिला हेही सांगा की या क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पाबरोबर संपतात. हे ऐकूनही तिचं मन ठाम राहिलं, तर पदवीनंतर खुशाल जाऊ द्या.

गावात आता कुणीतरी म्हणेलच, ‘एवढी हुशार आहे, कलेक्टर कर.’ यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे, एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. गणपूर्तीचा घोळ स्वतः पाहिलेल्या मुलीच्या उत्तरात वजन येतं, हे खरं. तरी दिव्याच्या अर्जावरून स्पर्धा परीक्षेची स्वप्नं विणू नका. त्या वाटेवर उमेदीची सहा-सहा वर्षं घालवलेली मुलं मी रोज बघते.

एनएसएसचा उपयोग? प्रमाणपत्राचा थोडा. काही विद्यापीठांत सवलतीचे गुण मिळतात, अर्जात एक ओळ वाढते. खरा फायदा त्या सात दिवसांत होतो. वेगवेगळ्या जातींची, घरांची मुलं एका चुलीवर स्वयंपाक करतात आणि एका पंगतीत जेवतात. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं तेव्हा हेच केलं होतं, आणि त्या काळी ते किती अवघड होतं हे लेकीला आजीकडून समजून घेऊ द्या. वेळेचं म्हणाल तर योजनेत वर्षाला १२० तास धरलेत, आठवड्याला दोन-अडीच तास. तेवढ्याने फिजिक्स बुडत नाही. बुडत असेल तर कारण वेगळं आहे. पत्रात तुम्ही अकरावीच्या चाचणीचे गुण लिहिलेच नाहीत. कधीकधी मुलांना गणित जड जातं आणि ‘मला समाजासाठी काहीतरी करायचंय’ हे त्यावरचं सभ्य पांघरूण असतं. तसं आहे का, हे रागवून नाही, स्वयंपाक करता करता विचारा.

तिच्या बाबांना एवढंच सांगा, की महिन्यात एक रविवार सकाळ गावाच्या कामाला, बाकीचे दिवस अभ्यासाला, आणि हाताशी एका वेळी एकच काम. दिवा लागेपर्यंत दुसरा अर्ज नाही. सतरा पूर्ण असतील तर मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी अठरा पूर्ण झाल्यावर येणाऱ्या पहिल्या तारखेला नाव धरलं जातं. तो फॉर्म तिने स्वतः भरावा.

मला अकरावीच्या दोन चाचण्यांचे विषयवार गुण आणि तिने मॅथ्स घेतलंय की बायो, की दोन्ही, एवढं कळवा. मग बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांचं नेमकं बोलता येईल. आणि त्या पत्राला उत्तर लेकीच्या नावाने देईन, तिने स्वतः लिहिलं तर.