भूसुरुंगबंदीच्या करारामागचे हात

प्रश्न : युद्धाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या सरकारांच्या असतात. मग रेड क्रॉससारख्या मानवतावादी संस्थांनी हे कायदे घडवले, असे म्हणणे कितपत योग्य आहे?

उत्तर : सही सरकारचीच लागते, हे खरे आहे, परंतु ती कोणत्या मजकुरावर व्हायची, हे ठरवण्यात या संस्थांचा वाटा मोठा असू शकतो. 1997 चा भूसुरुंगबंदी करार हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

भूसुरुंगांच्या वापरावर 1980 च्या कराराने घातलेली बंधने तोकडी होती. लढाई थांबल्यानंतरही कंबोडिया आणि अफगाणिस्तानात पाय गमावलेले शेतकरी आणि मुले रुग्णालयांत येतच राहिली, आणि तेथील वैद्यकीय नोंदी पुढे बंदीच्या मागणीचा आधार ठरल्या. 1992 मध्ये सहा संस्थांनी एकत्र येऊन मोहीम उभारली. एरवी जाहीर भूमिका फार जपून घेणाऱ्या रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही 1994 मध्ये संपूर्ण बंदीची मागणी केली. माझ्या मते तिचे खरे कौशल्य त्यापुढे दिसले. सुरुंगांवाचून सैन्याचे चालत नाही, या दाव्याला केवळ करुणेचे आवाहन करून उत्तर न देता तिने लष्करी जाणकारांकडूनच 26 संघर्षांचा अभ्यास करवून घेतला, आणि सुरुंगांचा लष्करी उपयोग मर्यादितच असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला.

सर्वसहमतीच्या अटीमुळे 1980 च्या कराराच्या 1996 मध्ये सुधारलेल्या नियमांतही बंदी आली नाही. तेव्हा कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड अ‍ॅक्सवर्दी यांनी वर्षभरात स्वतंत्र करार करण्याचे आवाहन केले. ऑस्लोच्या वाटाघाटींत मोहिमेच्या प्रतिनिधींना मत नसले, तरी सभागृहात बसण्याचा आणि बोलण्याचा अधिकार होता. अमेरिकेने कोरियात सुरुंग वापरत राहण्यासाठी मागितलेली सवलत तेथे मान्य झाली नाही. डिसेंबर 1997 मध्ये ओटावात 122 देशांनी सह्या केल्या, आणि मोहिमेला तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांच्यासह त्या वर्षीचे शांततेचे नोबेल मिळाले.

आपल्या शंकेतले तथ्य मात्र यानंतरच्या घडामोडींत दिसते. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत या कराराबाहेरच राहिले. भारताने 1996 चे सुधारित नियम तेवढे स्वीकारले आहेत. 2025 मध्ये एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी रशियाच्या धोक्याचे कारण देऊन बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, आणि संस्थांना तो रोखता आला नाही. करारानुसार त्यासाठी सहा महिन्यांची पूर्वसूचना पुरते. मात्र ती मुदत संपताना तो देश सशस्त्र संघर्षात गुंतलेला असेल, तर संघर्ष संपेपर्यंत त्याला कराराबाहेर पडता येत नाही.