वडिलांचा रोलचा कॅमेरा कपाटात सापडला आहे. फोटोग्राफीचा छंद त्यावर सुरू करावा, मोबाईलवर, की सरळ डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा डिजिटल कॅमेरा घ्यावा?

मोबाईलवर सुरू करा आणि वडिलांच्या पेंटॅक्स के १००० मध्ये अधूनमधून रोल टाका. डीएसएलआरचे पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. तुम्ही अमळनेरचे, मी जळगावचा, म्हणजे दोघांच्या डोक्यावरचं ऊन एकच. हे मुद्दाम सांगतो, कारण यूट्यूबवरचे निम्मे सल्ले थंड हवेच्या देशांतल्या मऊ प्रकाशासाठी असतात. ते ऐकून आपल्याकडे काही होत नाही.

खान्देशात प्रकाश कमी पडत नाही, तो जास्त होतो. फेब्रुवारी उलटला की सकाळी नऊनंतर माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे दिसायला लागतात. मोबाईल त्यावर स्वतःच्या डोक्याने इलाज करतो. भराभर चार-पाच फोटो घेऊन एकत्र जोडतो, सावली उजळतो आणि सगळं चपटं करून टाकतो. म्हणून पहिली शिकायची गोष्ट म्हणजे त्याच्या हातातून निर्णय काढून घेणं.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात जाऊन बघा. फुटलेलं बोंड मोबाईलला नुसता पांढरा ठिपका वाटतं. स्क्रीनवर त्या बोंडावर बोट दाबून धरा. फोकस तिथे लॉक झाला की बहुतेक फोनमध्ये बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. मागचं शेत काळवंडेल, काळवंडू द्या. कापसाचा एकेक तंतू आणि त्यात अडकलेला वाळक्या पानाचा चुरा दिसायला लागेल. एवढं जमलं की उन्हाशी निम्मी ओळख झाली.

केळीच्या बागेत गोष्ट उलटी असते. रावेर-यावलकडे भर दुपारी बाराला बागेत शिरलात तरी फोटो निघतात, कारण वरची पानं ऊन गाळून देतात. फक्त माणसांचे चेहरे हिरवट येतात, अगदी कावीळ झाल्यासारखे. त्यांना दोन पावलं बागेच्या कडेला, सावलीतच पण तोंड मोकळ्या आभाळाकडे करून उभं करा, रंग ताळ्यावर येतो. घड कापणाऱ्यांच्या शर्टांवर केळीच्या चिकाचे काळपट डाग असतात, धुतले तरी न जाणारे. मला विचाराल तर बागेतला सगळ्यात चांगला विषय तोच आहे, पण लोक घडासोबत सेल्फी काढून परत येतात.

चेहरा जवळून काढायचा तर मोबाईल नाकाशी नेऊ नका. मुख्य लेन्स रुंद असते, जवळ गेलं की नाक फुगतं. मागे सरका आणि दोन पट झूम लावा. ब्यूटी मोड कायमचा बंद. लेन्स आधी पुसा, आपल्याकडच्या धुळीत हे रोजचं काम आहे. आणि एप्रिल-मेमध्ये फोन तापून कॅमेरा आपोआप बंद पडला तर घाबरू नका, सावलीत ठेवा.

"आमच्याकडे काढण्यासारखं आहेच काय?" असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र पटलं नाही. चाळीसगाव तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे स्टेशनजवळच्या घरात केकी मूस (१९१२–१९८९) राहायचे. इंग्लंडला कला शिकून आलेला हा माणूस नंतर आयुष्यभर चाळीसगावला राहिला, घराबाहेर फारसा पडलाच नाही, आणि साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यावर प्रकाश खेळवून अख्खे देखावे उभे करायचा. टेबल टॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, एकदा जाऊनच या. हजारो रुपयांचा कोर्स लावण्याआधी तर नक्कीच. घरी परतल्यावर एक वांगं, एक पितळी तांब्या आणि खिडकी एवढ्यावर आठवडा काढता येतो. खिडकीचा पडदा सारला-सरकवला की वांग्यावरची चकाकी कुठून कुठे जाते, हे बघत बसणं हाच खरा अभ्यास.

आता पेंटॅक्स. के १००० हा १९७६ पासून दोन दशकं बनत होता आणि पूर्ण यांत्रिक आहे. सेल फक्त लाईट मीटरला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या काट्याला लागतो, घड्याळाच्या दुकानात मिळणारा एलआर ४४ चालतो. त्याला चालू-बंदचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सवर टोपी लावायची, नाहीतर सेल उतरतो. मागचं झाकण उघडून प्रत्येक स्पीडला शटर दाबून बघा. झाकणाच्या खाचेतला काळा फोम हाताला चिकट लागला तर तो बदलून घ्या, नाहीतर रोलवर प्रकाश सांडतो. लेन्समधून उजेडाकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात तीच ओल धरते.

मीटर मेला असला तरी अडत नाही. लख्ख उन्हात ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) एफ १६ वर आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओच्या (रोल प्रकाशाला किती संवेदनशील ते सांगणाऱ्या, डब्यावरच्या आकड्याच्या) जवळपास, म्हणजे ४०० च्या रोलला १/५०० सेकंद. आपलं ऊन या नियमाला वर्षातले आठ महिने दगा देत नाही.

खर्च मात्र ऐकून घ्या. रोल, धुलाई, स्कॅन आणि मुंबई-पुण्याच्या लॅबचं कुरिअर धरलं तर ३६ फोटोंना हजार रुपयेही पुरत नाहीत. म्हणून रंगीतपेक्षा ब्लॅक अँड व्हाईट घ्या, तो घरी धुता येतो. इल्फर्ड एचपी ५ प्लस हा रोल, डी-७६ या धुलाईच्या द्रावणात (आणखी पाणी न घालता), २० अंशांना साडेसात मिनिटं. २० अंश म्हटल्यावर हसू आलं असेल. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. माठातलं पाणी घ्या, भांडं बर्फाच्या परातीत ठेवा आणि थर्मामीटर बुडवूनच ठेवा. पाणी २४ अंशांवर गेलं तर वेळ पाच मिनिटांच्या आसपास आणावा लागतो, त्याखाली वेळ गेला की निगेटिव्हवर डाग पडायची भीती. हे सगळं दिवाळीनंतर सुरू केलंत तर निम्मा त्रास वाचेल.

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, सातपुड्यातली काठी गावची होळी, इथे जाल तेव्हा माणसांना विचारून फोटो काढा. होळीला तर हल्ली नाचणाऱ्यांच्या तोंडाशी कॅमेरे नेतात, ते बघवत नाही. "फोटू काढी ऱ्हायना, पन दखाडशी का?" (फोटो काढतोयस, पण दाखवशील का?) असं कुणी अहिराणीत विचारलं तर स्क्रीन दाखवून सुटू नका. पुढच्या खेपेला कॉपी काढून न्या.

हतनूर धरणावरच्या पक्ष्यांसाठी मोबाईल आणि साधी ५० मिमी लेन्स दोन्ही तोकडे पडतात, तो मोह वर्षभर टाळा. लांब लेन्सचा विचार त्यानंतर.

पहिला रोल वडिलांनाच भरायला सांगा, त्यांच्या हाताला सवय असेल. एकच तपासा: रोल पुढे ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर रोल दात्यांत अडकलेलाच नाही, आणि मग कितीही वेळा बटण दाबलं तरी रोल कोराच निघेल.