वाघीण व्यायली, मग बछडे दाखवत का नाहीत?

प्राणिसंग्रहालयांबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. निम्मी पत्रं बछड्यांबद्दलची होती, त्यामुळे जागाही त्यांनीच जास्त खाल्ली आहे.

प्रश्न : वाघीण व्यायल्याची बातमी पेपरात येते आणि आपण मुलांना घेऊन जावं तर पिंजरा रिकामा. दोन-तीन महिने बछडे लपवून का ठेवतात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लपवायचं काही नसतं. वाघीणच बाहेर येत नाही, आणि तिला बाहेर काढायची घाई कुणी करायचीही नसते. वाघिणीचा गाभणकाळ साधारण १०३ ते १०५ दिवसांचा. नर-मादी एकत्र सोडल्याची तारीख नोंदवहीत असते, त्यामुळे दिवस भरत आले की तिची जागा बदलतात. नवी जागा रस्त्यापासून आणि इतर वाघांपासून लांब हवी, आणि एक खोली पुरत नाही. एकमेकींना आतून जोडलेल्या दोन लागतात. एका कोपऱ्यात फळ्यांचा ओटा, त्यावर कोरडं गवत, दिवा मंद, दाराच्या फटींना गोणपाट. अंधारातलं टिपणारा कॅमेरा बऱ्याच आधी लावून ठेवायचा. ऐन वेळी शिडी घेऊन माणूस आत शिरला की सगळं मुसळ केरात.

व्यायच्या सुमारास ती बहुधा खाणं टाकते आणि येरझाऱ्या घालते. दोन ते चार बछडे होतात. एकेक किलोभराचा, डोळे मिटलेला. डोळे आठवडा-दीड आठवड्याने उघडतात. पहिले काही दिवस बाळंतिणीची खोली धुवायची नाही, कारण धुतली की वास जातो आणि वाघिणीचा पिल्लांशी सगळा व्यवहार वासावर चालतो. मांस आणि पाणी शेजारच्या खोलीत ठेवायचं. ठेवणारा माणूस रोजचा, वेळही रोजची. फिनेल मात्र एरवीही तिथे नको. मांजरवर्गातल्या प्राण्यांच्या यकृताला त्यातलं फिनॉल निपटता येत नाही, आणि ओल्या फरशीवरून ते पंजांना लागून जिभेवर जातं.

बिघडतं ते पहिलारू वाघिणीच्या बाबतीत. पिल्लू तोंडात धरून ती खोलीभर हिंडते, एका कोपऱ्यात ठेवते, पुन्हा उचलते. तिला जागा सुरक्षित वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे लांबलं की पिल्लाच्या मानेवर दातांच्या जखमा होतात आणि त्या चिघळतात. अशा वेळी आत जायचं नाही. उलट बाहेर उभे असलेल्यांना हलवायचं, दिवा घालवायचा आणि दुसऱ्या खोलीचं दार मोकळं ठेवायचं. दुसरी खोली त्यासाठीच असते.

कॅमेऱ्यावर तीनच गोष्टी बघायच्या: आई आडवी पडते का, पिल्लं आचळाला लागतात का, पिऊन झाल्यावर गप्प झोपतात का. पोट भरलेली पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपतात. एखादं ढिगापासून लांब पडून सतत ओरडत असेल आणि आई त्याला ओलांडून जात असेल, तर त्याच्यावर घड्याळ लावून नजर ठेवायची.

आठव्या आठवड्याच्या आसपास लसीकरण सुरू होतं, तोवर पिल्लं मांसाशी चाळा करू लागलेली असतात. मग मोकळ्या आवारात सोडायचा विचार. पण आवार मोठ्या वाघाच्या मापाने बांधलेलं असतं. गजांमधून बछड्याचं डोकं जातं, आणि खंदकातलं जे पाणी आईच्या पोटालाही लागत नाही त्यात तो बुडू शकतो. फटी बुजवून, पाणी उपसून झालं की मगच दार उघडतात. म्हणून हे दोन-तीन महिने.

प्रश्न : आईने टाकलेल्या बछड्याला गाईचं दूध का चालत नाही? शेळीचं तरी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वाघिणीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं भरपूर, साखर कमी. गाईच्या दुधात हे प्रमाण उलटं. त्यावर बछड्याला हगवण लागते, आणि हगवण थांबली तरी वजन धरत नाही. शेळीच्या दुधानेही हे गणित फारसं बदलत नाही. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर त्यातल्या त्यात बरी. पण तिच्यातही आर्जिनिनसारखी अमिनो आम्लं कमी पडली तर बछड्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो.

दुधाआधी मात्र ऊब. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. आतडं थंडावलेलं असतं, दूध पुढे सरकत नाही आणि पोट फुगतं. अंगाचं तापमान ३५ अंशांच्या वर येईपर्यंत थांबायचं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची, म्हणजे चटका बसू लागला तर पिल्लाला सरकून जाता येतं.

दुधाचा हिशोब सोपा आहे. वजनाच्या १५ ते २० टक्के दूध दिवसभरात द्यायचं. किलोभराच्या बछड्याला १५० ते २०० मिली, दर तीन तासांनी म्हणजे आठ वेळा, एका वेळी १९ ते २५ मिली. बाटली उलटी धरली तर थेंब थेंब पडला पाहिजे. धार लागली तर बुचाचं भोक मोठं आहे. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. तान्ह्या बाळासारखं उताणं मांडीवर घेऊन पाजतानाचे फोटो गोड दिसतात, पण तसं पाजलं की दूध फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. प्यायल्यावर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकं पुसायचं. आई जिभेने हेच करते; त्याशिवाय लहान पिल्लाला शू-शी होत नाही. वजन रोज सकाळी, पहिल्या दुधाआधी, त्याच काट्यावर. सलग दोन दिवस काटा हलला नाही तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी काही तरी चुकतंय.

शेतकरी वाचकांसाठी जाता जाता: जुन्नरकडे ऊसतोडणीत बिबट्याची पिल्लं सापडतात, ती मात्र टाकलेली नसतात. आई जवळच दबा धरून असते. पिल्लाला घरी नेऊ नका, दूध पाजू नका; तोडणी थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वनखात्याचे लोक पशुवैद्यकाकडून तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात पिल्लू ठेवतात, आणि बहुतेक वेळा रात्रीत आई येऊन घेऊन जाते.

प्रश्न : वाघाला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरं आहे, आणि त्यात क्रूरपणा नाही. जंगलात वाघ रोज जेवत नाही. पिंजऱ्यातल्या मोठ्या वाघाला रोज ८ ते १० किलो मांस मिळतं, बहुतेक ठिकाणी म्हशीचं. एक दिवसाच्या लंघनाने पोट साफ राहतं, चरबी चढत नाही. गाभण आणि पाजत्या मादीला, वाढत्या बछड्यांना, आजाऱ्याला उपास नसतो.

मांस हाडासकट हवं, यावर आमचा जास्त जोर आहे. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो, आणि वाढत्या बछड्याला दोन्ही जवळजवळ सारखे लागतात. बिनहाडाचं मऊ मांस घातलेलं पिल्लू गुबगुबीत दिसतं, मग एक दिवस ओट्यावरून उडी मारताना त्याचा पाय मोडतो. कच्ची कोंबडी द्यायची तर ती कुठून आली हे तपासायलाच हवं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले.

प्रश्न : पांढरे वाघ दुर्मिळ आहेत, मग त्यांची पैदास का वाढवत नाहीत? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, आपल्याच पट्टेरी वाघातला तो रंगाचा बदल आहे. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. साध्या रंगाच्या मादीपासून त्याला एकही पांढरं पिल्लू झालं नाही, तेव्हा त्याचीच मुलगी राधा त्याला दिली आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे झाले. पुढची बरीचशी पैदास याच रक्ताची, म्हणजे बापलेक, भाऊबहीण अशीच. पांढऱ्या वाघांत तिरळेपणा दिसतो तो डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांच्या बिघाडाने, आणि हा बिघाड रंगासोबतच येतो. शिवाय पिंजरे मोजके. एक पांढरा वाघ सांभाळायचा म्हणजे एका निरोगी पट्टेरी जोडीची जागा अडवायची. गर्दी खेचतो हे मान्य, पण पैदाशीला तेवढं कारण पुरत नाही.

प्रश्न : कात्रजला चितळाचं पाडस गवतात एकटंच पडलेलं दिसलं. पहारेकऱ्याला सांगितलं तर त्याने लक्षच दिलं नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्याने बरोबर केलं. पहिले काही दिवस चितळाची मादी पाडसाला गवतात लपवते आणि स्वतः कळपात चरते. दिवसातून मोजक्या वेळा येते, पाजते, त्याची शू-शी चाटून साफ करते आणि निघून जाते. त्यामुळे पाडसाला जवळजवळ वासच येत नाही, हेच त्याचं संरक्षण. माणसाने उचललं तर हा डाव मोडतो. पहारेकरी बघतो ते एवढंच की पाडूस निपचित आहे की नुसतं गप्प आहे. कान हलतात का, नाक ओलं आहे का, हे लांबूनही कळतं.

हरणांना पकडायला धावत सुटणं तर आणखी वाईट. जीव तोडून पळालेल्या हरणाचे स्नायू आतून फाटतात, लघवी तांबूस-काळी होते आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर दोन-चार दिवसांनी मरतं. म्हणून पकडायचं असेल तर आठवडा-दोन आठवडे एका अरुंद होत जाणाऱ्या कुंपणात चारा टाकून त्यांना सवय लावतात आणि मागचं दार बंद करतात. कुणी धावत नाही.

प्रश्न : राणीच्या बागेतले पेंग्विन मुंबईच्या उकाड्यात अंडी कशी घालतात? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ आले, त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला. त्यांना काचेआड १६ ते १८ अंशांत ठेवतात. मादी एक किंवा दोन अंडी घालते, नर-मादी पाळीपाळीने साधारण ४० दिवस उबवतात. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू बाहेर आलं, पण ते आठवडाभरच जगलं. पुढे मात्र वंश वाढला.

उकाड्यापेक्षा हवेतला दमटपणा आणि बुरशी जास्त छळते. बुरशी श्वासावाटे फुफ्फुसात बसली की पक्षी सुस्त होतो, आणि सुस्ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हवा गाळून घेतात, पैदाशीची बिळं आणि खडे कोरडे ठेवतात. मासे गोठवून साठवले की त्यातलं बी-१ जीवनसत्त्व घटतं, त्यामुळे त्याची गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसून देतात. मासा नेहमी डोक्याकडून भरवायचा. शेपटीकडून दिला तर माशाचे पर घशात अडकतात. नर-मादी दिसायला सारखीच, तेव्हा लिंग ठरवायला डीएनए तपासणी. वर्षातून एकदा पिसं गळतात. ते दोन-तीन आठवडे पेंग्विन पाण्यात जात नाही, खातही नाही. त्या दिवसांत लोक तक्रार करतात की पक्षी आजारी दिसतो. आजारी नसतो, पीस बदलत असतो.

प्रश्न : प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद का? (एक वाचक, दादर)

उत्तर : त्या दिवशी जनावरं हलवणं, वेल्डिंग, तळी उपसणं, दाबपिंजऱ्यात (सरकत्या भिंतीने जनावराला जागच्या जागी धरणाऱ्या पिंजऱ्यात) घेऊन रक्त काढणं ही गर्दीत न होणारी कामं होतात. राणीच्या बागेत बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर बाग उघडी असते आणि दुसऱ्या दिवशी बंद.

प्रश्न : आमच्या शेतात पावसाअभावी खुरटलेली ज्वारी आहे. हरणांसाठी आणून दिली तर घेतील का? (एक शेतकरी, बारामती तालुका)

उत्तर : भावना चांगली, पण आणू नका. खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत, आणि कापणीनंतर पाऊस पडून फुटलेल्या फुटव्यांत, किराळ लागण्याचा, म्हणजे कोवळ्या ज्वारीतून विषबाधा होण्याचा धोका सर्वांत जास्त. पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. जनावर धापा टाकतं, थरथरतं आणि काही मिनिटांत आडवं होतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर वाचतं, पण कळपातली दहा हरणं एकदम पडली तर शिरा शोधायला माणसं कुठून आणणार? शिवाय तुमच्या गोठ्यात नुकती लाळ्या-खुरकूत येऊन गेली असेल तर तिचा विषाणू चाऱ्याबरोबर सहज येतो. म्हणूनच बाहेरचा चारा ठरलेल्या पुरवठादाराकडून, तपासून घेतात.

ही ज्वारी तुमच्या स्वतःच्या जनावरांनाही तशी घालू नका. फुलोऱ्यावर येऊ द्या, किंवा कापून दोन-तीन दिवस उन्हात चांगली वाळवा, आणि पहिल्या दिवशी दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडीच टाका. हरणांसाठी काही करायचंच असेल तर अनेक प्राणिसंग्रहालयांत प्राणी दत्तक घेता येतो. वर्षाच्या खाण्याचा खर्च भरायचा, चारा ते विकत घेतात.