तेरा वर्षांखालची पोरं मिळाली म्हणून रुसलास?

प्रिय पोरा,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यानं खेळ थांबवला, प्रशिक्षकाचं पहिल्या पायरीचं डी लायसन्स पदरात पडलं आणि क्लबनं हातात काय दिलं, तर तेरा वर्षांखालची पोरं. 'सिनियर टीम कधी?' असं विचारतोस. मी तुला फुटबॉलपटू आणि पुढं प्रशिक्षक झालेल्या क्रिस्तियान किवूची गोष्ट सांगतो. तोही आपल्यासारखा बचावातलाच.

रोमानियातल्या रेशित्साचा, 1980 चा जन्म. वडील फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक. कोवळ्या वयात नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचा कप्तान, मग इटलीतले क्लब: आधी रोमा, 2007 पासून इंटर मिलान. जानेवारी 2010 मध्ये किएवोविरुद्ध हेडरला उडी मारताना डोक्यावर डोकं आपटलं, कवटीला फ्रॅक्चर, ऑपरेशन. मार्चमध्ये हा बाबा रग्बीवाल्यांसारखं टोपडं बांधून परत मैदानात! (तू असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाहीस.)

त्या मोसमातली बार्सिलोनाची रात्र मी विसरत नाही. 28 एप्रिल, चॅम्पियन्स लीगची परतीची उपांत्य लढत. वॉर्म-अपमध्येच इंटरचा पांडेव जखमी झाला. तो आक्रमणातला फॉरवर्ड, त्याच्या जागी ऐनवेळी उतरवला किवूला. अर्धा तास व्हायच्या आत इंटरच्याच मोत्ताला लाल कार्ड. दहा जणांनी किल्ला लढवला, 1-0 हरले, पण दोन्ही लढती मिळून 3-2 नं फायनलला गेले. माद्रिदच्या फायनलमध्ये किवू लेफ्ट बॅक, समोर बायर्न म्युनिकचा विंगर रॉबेन. इंटर 2-0 नं जिंकलं आणि मोसमातला तिसरा करंडक घरी आला.

एवढं सगळं पाहिलेला माणूस 2018 मध्ये प्रशिक्षक म्हणून कुठं उभा राहिला? इंटरच्याच चौदा वर्षांखालच्या पोरांपुढं. तिथून एकेक पायरी चढत प्रिमावेरा, म्हणजे क्लबची युवा टीम; 2022 मध्ये तिला इटलीचं विजेतेपद. सिनियर टीम मिळाली फेब्रुवारी 2025 ला, तीही पार्मा, खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात असलेली. शेवटच्या दिवशी बर्गामोत दोन गोलांनी मागे पडून 3-2 जिंकले आणि वाचले. पाठोपाठ जूनमध्ये इंटरनं बोलावलं. नुकतीच त्यांनी चॅम्पियन्स लीगची फायनल 5-0 अशी गमावलेली. सिरी आ, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगचे, फक्त तेरा सामने गाठीशी, म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. पण पिओ एस्पोझितो, प्रिमावेरात त्याच्या हाताखाली खेळलेला पोरगा, आता सिनियर ड्रेसिंग रूममध्ये त्याच्यासमोर बसला होता. युवा टीममधली ती वर्षं कुणी मोजली नव्हती.

आता तुझं. तू बॅक होतास तेव्हा विंगर, म्हणजे कडेनं धावणारा, अंगावर आला की पाय आपोआप तिरके पडायचे, त्याला बाहेरच्या रेषेकडं ढकलायचास. ते अंगात होतं, तोंडात नव्हतं. तेरा वर्षांच्या पोराला नुसतं 'नीट मार्क कर' म्हणून काय कळणार? त्याला सांगावं लागतं: छाती सरळ धरू नको, एक खांदा मागे घे, बॉल आणि माणूस दोन्ही दिसले पाहिजेत, बॉल लांब सुटेपर्यंत पाय घालू नको. हे चार वाक्यांत सांगायला मला किती मोसम लागले, विचारू नकोस.

आणि ओरडणं कमी कर. मागच्या मॅचला तुझा आवाज पार कमानीपर्यंत येत होता, गोलकीपर रडकुंडीला आला होता.

रविवारी सकाळी सहाला मैदानावर येतोय. शंकू तू आण, शिट्टी माझ्याकडं आहे.

तुझा,
सर