वय आडवं येतंय की दुसरंच काहीतरी?

माझ्याकडे सल्ल्याला येणारी चाळिशी-पन्नाशीतली माणसं एक प्रश्न फिरून फिरून विचारतात, मला आता पुन्हा युनिव्हर्सिटीत जायचंय, तेही पेंटिंग नाहीतर लेखन नाहीतर संगीत असलं काहीतरी शिकायला, वेडेपणा तर नाही ना हा? खरं तर परवानगी मागत असतात. ती मी देत नाही आणि नाकारतही नाही, ते माझं कामच नाही.

एक ताई आल्या होत्या (ओळखीच्या खुणा बदलल्यात). वय ४७, अकाउंट्सच्या हेड, पेंटिंगची डिग्री करायची होती, फॉर्म भरून तयार, फक्त सबमिटचं बटण दाबलं जात नव्हतं. कारण काय तर वय. वर्गातली पोरं विशीतली, माझा हात तसा चालायचा नाही, काही लक्षात राहायचं नाही वगैरे. म्हटलं स्केचबुक आणलंय का, तर होतं, पिशवीच्या तळाशी. उघडलं तर पानं खोडून खोडून पातळ झालेली, एका हाताच्या चित्रात तर अंगठ्याच्या जागी कागदालाच भोक, आणि मधली कित्येक पानं ब्लेडने कापून काढलेली. ही कुठे गेली? तर म्हणे, चांगली नव्हती आली. कोणाला दाखवलीत? कोणालाच नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

मग वय बाजूला राहिलं. ऑफिसात सगळे यांच्याकडे चुका तपासून घ्यायला येतात, चारचौघांत एखादी गोष्ट जमत नाहीये असा प्रसंग यांच्यावर कित्येक वर्षांत आलेलाच नाही. आणि कला शिकवणाऱ्या बऱ्याच ठिकाणी तर तेच मुख्य काम असतं, क्रिटिक म्हणतात त्याला, म्हणजे अर्धवट झालेलं चित्र भिंतीवर लावायचं आणि मास्तर आणि बाकीची पोरं तुमच्यादेखत त्यावर बोलणार. हे सांगितल्यावर ताईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

वयाचं काहीच नसतं असं मी म्हणत नाही. पटकन विचार करायचा वेग वाढत्या वयात कमी होतो हे खरंय, पण साठलेलं ज्ञान आणि शब्दसंपत्ती पुढे बरीच वर्षं टिकते, वाढतेसुद्धा, आणि चित्र काही घड्याळ लावून काढायचं नसतं. नेल पेंटर या अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीच्या इतिहासाच्या प्राध्यापक, रिटायर झाल्यावर साठीत पेंटिंग शिकायला गेल्या, २००९ला रटगर्स युनिव्हर्सिटीतून पदवी, २०११ला ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमधून मास्टर्स. असली उदाहरणं मी जपून देतो कारण लोक त्यातून लगेच चमत्कार काढतात, तर पुढचंही सांगतो, त्यांना एका शिक्षकाने तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही कधीच आर्टिस्ट होणार नाही.

ताईंशी ठरलं ते असं, आधी संध्याकाळचा एखादा छोटा कोर्स करायचा, पण क्रिटिक असलेलाच, आणि तोवर वहीतलं एकही पान फाडायचं नाही. पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायचं काम, बघणाऱ्यांना बऱ्याचदा तीच खोडाखोड बघायची असते, तुम्ही विचार कसा करता ते त्यात दिसतं. शिवाय युनिव्हर्सिटीला विचारून घ्यायचं की पार्ट-टाइम करता येतं का, जुने मार्क बघतात की काम, वर्गाबाहेर स्टुडिओत किती तास जातात (भरपूर जातात, टाइमटेबलवर ते दिसत नाहीत). आणि घरी. नवरा कर की म्हणाला होता, पण कर की म्हणणं सोपं असतं हो, कुठल्या संध्याकाळी घरचं कोण बघणार हे त्यात येत नाही, म्हणून वार ठरवून बोला म्हटलं.

पहिल्याच क्रिटिकला एका पोराने सांगितलं की हा हात घाबरत काढल्यासारखा वाटतोय. ताई तणतणत आल्या, त्याला काय कळतंय, वय काय त्याचं! (वय इथे उलटं वापरलं, माझ्या लक्षात आलं, बोललो नाही.) थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, घाबरतच काढला होता. पुढच्या प्रवेशाला फॉर्म गेला, पार्ट-टाइमचा, नोकरी अजून चालू आहे.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. एका गृहस्थांना संगीताची डिग्री हवी होती, त्यांनीही आधी छोटा कोर्स केला आणि म्हणाले परीक्षा, असाइनमेंट नकोत मला, आठवड्याचा क्लास पुरे. तेही बरंच झालं, फी वाचली आणि गिटार चालू आहे.