पत्नीचं आधीचं लग्न आणि भिंतीवरची चित्रं

(उत्तरं हिंदू कायद्यापुरती आहेत.)

प्रश्न : लग्नाला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात पत्नीच्या कपाटात तिच्या आधीच्या लग्नाची पत्रिका आणि स्टँपपेपरवरची फारकत सापडली. मला कुणीच काही बोललं नव्हतं. आमचं लग्न टिकतं का?

उत्तर : पत्रिका ठेवून द्या, फारकत वाचा. नोटरीपुढे सह्या केल्या म्हणून घटस्फोट होत नाही. कोर्टाचा हुकूमनामा हवा. नाहीतर त्या समाजात फारकतीची रूढी आहे, हे पुराव्यानिशी दाखवता यायला हवं. दोन्ही नसेल आणि तुमच्या लग्नाच्या दिवशी पहिला नवरा हयात असेल, तर तुमचं लग्न मुळातच रद्दबातल. तेव्हा भांडणाआधी एवढंच विचारा : कोर्टात गेला होतात का, कुठल्या, कधी? हुकूमनामा निघाला तर प्रमाणित प्रत काढून तारीख ताडून बघा. लढून झालेल्या घटस्फोटात अपिलाची ९० दिवसांची मुदत संपण्याआधीच तुमचं लग्न लागलं असेल, तर कागद वकिलाला दाखवा.

लपवाछपवीवरून लग्न रद्द करून घ्यायचं असेल, तर फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज लागतो. कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिलात, की ती वाट बंद.

प्रश्न : पत्नीचं एक तैलचित्र तिच्या पहिल्या नवऱ्याने चित्रकाराला पैसे देऊन काढून घेतलं होतं. घटस्फोटानंतर ते तिच्याकडेच आहे. माझ्या संग्रहाच्या कॅटलॉगात छापू का?

उत्तर : विकता येईल, पण छापता येईलच असं नाही! पैसे देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे पहिल्या नवऱ्याची लेखी परवानगी हवी.

कॅनव्हासची मालकी वेगळी. तिला भेट दिला असेल तर तो तिचा, पण पावती बहुधा त्याच्या नावावर असते आणि घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी संमतीने लिहिलेल्या अटींत) ‘घरगुती वस्तूंची वाटणी झाली’ एवढीच ओळ. लिलावगृह नेमकं इथे अडतं. पहिल्या नवऱ्याकडून एक पत्र घ्या : चित्रकार, माध्यम, वर्ष, सेंटीमीटरमध्ये माप, ‘माझा हक्क नाही’ हे वाक्य. सोबत समोरचा, मागचा आणि सहीचा फोटो. फोटोंवरही त्याची सही. चित्रामागच्या लाकडी पट्टीवरचं गॅलरीचं लेबल नव्या फ्रेमसाठी खरवडू देऊ नका.

प्रश्न : पत्नीचा पहिला नवरा वारला, मृत्युपत्र नव्हतं. त्याची सहा चित्रं, त्यात एक बंगाली चित्रकार जामिनी रॉय यांचं, तिने आणली. दोन्ही लग्नांतून मूल नाही. सासरचे म्हणतात, पुन्हा लग्न केलंस, हक्क गेला.

उत्तर : गेला नाही. नवरा वारला त्या क्षणी मिळालेला वारसा नंतरच्या लग्नाने परत जात नाही. मात्र तेव्हा त्याची आई हयात असेल तर अर्धा हिस्सा आईचा. सहाही चित्रं आपली धरू नका.

खरी मेख पुढे आहे. नवऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता, बाई निपुत्रिक आणि मृत्युपत्राविना गेली, तर त्याच नवऱ्याच्या वारसांकडे परतते. तुम्हाला त्यातलं काही नाही, तीस वर्षं संसार केलात तरी. उपाय म्हणजे पत्नीने आजच मृत्युपत्र करणं : प्रत्येक चित्र वर्णनासह, दोन साक्षीदार, शक्यतो लाभार्थी नसलेले. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. जामिनी रॉयचं चित्र कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून परदेशी भाच्याच्या नावावर ठेवून उपयोग नाही.

प्रश्न : पत्नीच्या पहिल्या लग्नाचा मुलगा माझ्या संग्रहाचा वारस होतो का?

उत्तर : थेट नाही. पण तुमच्यामागे पत्नीला जे मिळेल, त्यात तिच्यानंतर त्याचा वाटा आहे.