विखुरलेली मंडळी ऑनलाइन प्रार्थनासभेने जोडलेली राहू शकते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: लॉकडाऊनमध्ये आपल्या गावच्या लहानशा मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी मिळून, ऑनलाइन उपासना सुरू केली, आता चर्च उघडले आहे, पण निम्मी कुटुंबे पुण्या-मुंबईला आणि काही जण आखातात असल्यामुळे ती उपासना अजून चालवली जाते, मात्र येणारे कमी होत चालले आहेत, तेव्हा ती बंद करावी की चालू ठेवावी, आणि चालू ठेवायची तर कशी. मी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एका खेड्यातील मंडळीच्या पंच कमिटीची (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीची) सेक्रेटरी आहे आणि २०२० पासून हे काम माझ्याकडे आहे. आमचीही स्थिती अगदी अशीच झाली होती. म्हणून आमच्याकडे काय चुकले ते आधी सांगते.

२२ मार्च २०२० हा जनता कर्फ्यूचा दिवस रविवारच होता. त्या दिवशी आमच्या चर्चची घंटा वाजली नाही, आणि पुढे झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलचा ईस्टर, सगळे घरातच गेले. आम्ही घाईघाईने एक मोबाइल स्टँडवर लावला आणि पाळकसाहेबांची (आमच्या धर्मगुरूंची) संपूर्ण उपासना, आरंभीच्या गीतापासून आशीर्वादापर्यंत, यूट्यूबवरून दाखवू लागलो. चर्चमध्ये एरवी दीडशे माणसे यायची आणि पाहणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या वर दिसायचा. आम्हाला वाटले, मंडळी जोडलेली आहे. जून महिन्यात कळले की, पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या आमच्या एका कुटुंबातील कर्त्या माणसाची नोकरी एप्रिलमध्येच गेली होती आणि घरात दोन महिने ओढाताण चालली होती. त्यांच्या घरी दर रविवारी उपासना लावलेली असायची, म्हणजे आमच्या त्या दोनशेच्या आकड्यात तेही धरलेले होते. त्यांना फोन मात्र एकदाही कोणी केला नव्हता.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. चर्चमध्ये गैरहजेरी दिसते. अमुक बाकावर बसणाऱ्या बाई दोन रविवार आल्या नाहीत, हे त्यांच्या शेजारी बसणारीच्या लगेच लक्षात येते आणि उपासना सुटल्यावर ती त्यांच्या घरावरूनच परत जाते. पडद्यावर रिकामा बाक दिसत नाही. आकडा कमी झाला तरी कोण कमी झाले ते आकडा सांगत नाही, आणि सवयीने चालू ठेवलेला फोन तर माणूस नसतानाही हजेरी लावतो. ऑनलाइन उपासना दाखवणे वाईट आहे असे मी म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपल्या चर्चचा आवाज ऐकू येणे ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु दाखवण्याने प्रेक्षक मिळतात. मंडळी टिकवण्यासाठी कोण आले नाही हे कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते, आणि ते काम माणसालाच करावे लागते.

प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधील ‘रोमकरांस’ या पत्राचा सोळावा अध्याय आपण पुन्हा वाचून पाहावा अशी माझी विनंती आहे. ज्या नगरात तो तोवर गेलेलाही नव्हता, तेथील वीसहून अधिक माणसांची नावे घेऊन त्याने सलाम सांगितला आहे, आणि केवळ नाव घेऊन तो थांबत नाही. कोणी श्रम केले, कोण आपल्याबरोबर बंदिवासात होते, कोणाच्या घरी मंडळी जमते, हेही सांगतो, आणि रूफाच्या आईला तर आपलीही आई म्हणतो. आमच्याकडे हा अध्याय उपासनेत सहसा वाचला जात नाही, कारण त्यात नावांशिवाय काही नाही असे वाटते. दूर असलेल्या मंडळीला एकत्र कसे ठेवायचे याचा इतका उघड नमुना शास्त्रात दुसरीकडे मला तरी सापडलेला नाही.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आमची चौसष्ट कुटुंबे आहेत. त्यांचे आठ-आठ घरांचे आठ गट केले. गट पाडताना कोण कोठे राहते याचा विचार न करता गावातील जुने शेजार आणि नाती पाहिली, म्हणजे कल्याणला राहणारी सून आणि गावातील सासू एकाच गटात आल्या. प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमला, आणि बहुतेक गटांत ते काम महिला मंडळातील बहिणींनी उचलले. आपल्याकडे पूर्वी आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी सतरंजी टाकून घरसभा होत असे. ऑनलाइन सभेला आम्ही रविवारच्या उपासनेऐवजी त्या घरसभेचे रूप दिले. झूमच्या मोफत खात्यावर सभा चाळीस मिनिटांत तुटते, याचा आधी आम्हाला त्रास वाटायचा, पण घरसभेला तेवढा वेळ पुरेसा आहे. एक भजन, ज्या कुटुंबाची पाळी असेल त्याने केलेले शास्त्रवाचन, दहा मिनिटांच्या आत संपणारे मनन, आणि उरलेला सगळा वेळ एकमेकांची विचारपूस व प्रार्थना. मनन लांबू लागले की लोक गळतात, हे मी पाळकवर्गाबद्दल पूर्ण आदर बाळगून सांगते.

वेळ ठरवताना आपण गावाचे घड्याळ धरले आहे का, हे जरूर तपासा. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे आहेत, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तेथे साडेसहा होतात आणि माणूस कामावरून नुकताच खोलीवर येत असतो. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी आली, पण ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारचीच आहे आणि रविवार हा तेथे आठवड्याच्या कामाचा पहिला दिवस असतो. आमच्या कित्येक मुली परिचारिका आहेत, त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. म्हणून प्रत्येक गटाने आपापला वार आणि वेळ ठरवावी, असे आम्ही सांगितले. सगळ्या मंडळीची एक मोठी सभा महिन्यातून एकदाच होते.

गायनाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक मंडळ्यांचा उत्साह येथेच मोडतो. इंटरनेटवरून प्रत्येकाचा आवाज थोड्याथोड्या उशिराने पोहोचतो, त्यामुळे सगळ्यांनी मिळून एका सुरात गाणे शक्यच होत नाही, आणि यात कोणाच्या फोनचा दोष नसतो. शिवाय झूमसारखी यंत्रणा माणसाचे बोलणे ठेवते आणि बाकीचा आवाज गाळते. पेटीचा लांब धरलेला सूर तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो दाबून टाकते. पेटी वाजवणाऱ्याने ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय चालू केली तर हा त्रास बराच कमी होतो. तरीही चार स्वरांत बांधलेली पाश्चात्त्य चालीची गीते आम्ही ऑनलाइन सभेत जवळजवळ सोडून दिली आणि भजनांकडे वळलो. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि भजनाचे वळण रुजवले, त्याचा लाभ आम्हाला असा झाला की, भजनात एकाने पुढे म्हणायचे आणि इतरांनी मागून धरायचे असते. पुढे म्हणणाऱ्याचा माइक तेवढा चालू ठेवायचा, आणि बाकीच्यांनी आपापल्या घरात टाळ्या वाजवत मोठ्याने ध्रुपद धरायचे. कोणाचा सूर कोणाला अडवत नाही आणि घर मात्र भरून जाते.

प्रभूच्या प्रार्थनेच्या बाबतीत मला माझा नियम मागे घ्यावा लागला. आवाजांचा गोंधळ होतो म्हणून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुद्धा एकानेच म्हणावे असे मी ठरवले होते. एका बुधवारी आमच्या गटातील एक आजी, ज्यांना डोळ्यांनी फारसे दिसत नाही आणि ज्या नातवाचा फोन कानाशी धरून बसतात, मला म्हणाल्या, “आवाज मागंपुढं झाला तर होऊ दे गं. माणसं हायेत एवढं तरी कळू दे.” तेव्हापासून त्या प्रार्थनेला सगळे माइक उघडतात. ऐकायला ती फाटकी-तुटकी येते, कोणी ‘रोजची भाकर’पाशी असतो तेव्हा कोणी ‘आमेन’पर्यंत पोहोचलेला असतो, मध्ये कोणाच्या घरी कुकरची शिट्टी होते, पण त्या आवाजांतून आजी एकेक माणूस ओळखतात आणि कोणाचा आवाज आला नाही हे सभा संपल्यावर मला सांगतात. आमच्या गटाची खरी हजेरी त्याच घेतात.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना विसरू नका. त्यांना कॉन्फरन्स कॉलवर घेता येते, किंवा शेजारच्या घरातील मुलाने आपला मोबाइल घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे. आम्ही तरुण संघाला हेच काम दिले, आणि मुलांनी ते मनापासून केले.

प्रार्थनेची विनंती ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट असते. कोणाचे कर्ज, कोणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, कोणाची दारू, हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिले की दुसऱ्या दिवशी गावभर होते. आमच्या गटसभांचे रेकॉर्डिंग कधीच केले जात नाही आणि विनंत्या तोंडीच सांगितल्या जातात. हा नियम पाळला जातो याची खात्री पटल्यावर, म्हणजे सुमारे वर्षभराने, पुरुष मंडळी स्वतःच्या अडचणी सांगू लागली.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, प्रश्न आपल्यालाही पडला असेल. वेगवेगळ्या मंडळ्यांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि निर्णय आपल्या पाळकांनी आणि वरिष्ठांनी घ्यायचा आहे. आम्ही ते ऑनलाइन घेतले नाही; थांबलो. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली, तेव्हा मेजासमोर गुडघे टेकताना अनेकांना रडू आवरले नाही. स्वतः पोप फ्रान्सिस २०२० च्या त्या वसंतात रोज सकाळचा मिस्सा (कॅथलिक उपासना) पडद्यावरून जगाला दाखवत होते, आणि तरीही एप्रिलमध्ये त्यांनी सावध केले होते की, ही अडचणीच्या काळातील मंडळी आहे, मंडळीचे खरे रूप लोकांसह आणि संस्कारांसहच असते. मी प्रोटेस्टंट असूनही मला ते अगदी मनापासून पटते.

मात्र काही प्रसंगी पडदा हाच एकमेव मार्ग असतो. मे २०२१ मध्ये आमच्या एका मावशींचा दफनविधी झाला तेव्हा त्यांचा मुलगा मस्कतला अडकलेला होता. मोजक्या माणसांनाच कबरस्तानात जाता येत होते. तरुण संघातील एका मुलाने सबंध वेळ फोन धरून ठेवला. उन्हाने फोन इतका तापला की मध्येच बंद पडला, मग दुसऱ्याच्या फोनवरून जोडले. माती देण्याची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी त्या मुलाचे नाव मोठ्याने घेतले आणि म्हणाले, “ही मूठ तुझ्या नावाने.” त्या रात्री आठही गट त्याच्यासोबत झूमवर बसले, चाळीस मिनिटे संपली की पुन्हा जोडायचे, असे चार वेळा. त्या वेळी कोणी उपदेश केला नाही. मावशींच्या हातची पुरणपोळी, त्यांचे रागावणे, त्यांचे भजन म्हणणे, एवढेच बोलणे झाले.

आनंदाच्या प्रसंगीही बाहेरच्यांना हात घालायला काही तरी द्यावे. आमच्याकडे सुगीच्या सणाला, ज्याला सगळे हार्वेस्टच म्हणतात, लोक शेतातील पहिले फळ अर्पण करतात आणि मग त्याचा लिलाव होतो. आता लिलावाच्या वेळी एक फोन पुढे ठेवलेला असतो. पुण्याहून, कल्याणहून, दुबईहून बोली लागते, आणि बोली जिंकणारा ती वस्तू गावातील कोणाला द्यायची ते सांगतो. गेल्या खेपेस एका भोपळ्यावर दोन भावांची अशी चढाओढ लागली की, अखेर तो भोपळा त्यांच्याच चुलतीच्या घरी गेला.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, रविवारची उपासना दाखवणे आजाऱ्यांसाठी आणि वृद्धांसाठी चालू ठेवावे, पण ती दूरच्या कुटुंबांना बांधून ठेवील ही अपेक्षा सोडावी, आणि त्यांच्यासाठी लहान गट करावेत. योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहितो की, पुष्कळ लिहायचे आहे, पण ते कागद आणि शाईने लिहावे असे वाटत नाही, तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलण्याची आशा आहे. कागद अपुरा आहे हेही त्याने कागदावरच लिहून कळवले. आमच्या गटांनी तसेच केले; नाताळला किंवा हार्वेस्टला कोण गावी येणार, कोणाच्या घरी उतरणार, हे आता झूमवरच ठरते.

सुरुवात करताना नवीन ॲप शोधू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक कुटुंबासाठी पाच रकाने आखा: नाव, सध्या कोठे राहतात, कामाची पाळी, घरी कोणता फोन आहे, आणि मंडळीतील कोणी त्यांच्याशी शेवटचे कधी बोलले. पंच कमिटीने एकत्र बसून ही वही भरावी. शेवटच्या रकान्यात तारीख लिहिताना ज्या नावापुढे सगळेच गप्प होतील, त्या घरी पहिला फोन करा आणि सभेची लिंक त्यानंतर पाठवा.